पाच दिवस बाहेरगावी

डॉक्टरीणबाईंनी आधी कागदावर एक सरळ नळी काढली, मग तिच्या मधोमध पोट काढलं.

"हृदयातून निघणारी ही मोठी रक्तवाहिनी. इथं फुगलीये. फुटायच्या आत शस्त्रक्रिया करून टाकू. पुढच्या महिन्याची एकोणीस तारीख देते."

"आणि शस्त्रक्रियेतच काही झालं तर?"

"शंभरातले नव्वद-ब्याण्णव जण चालत घरी जातात."

ताईनं मनातल्या मनात उरलेल्या आठ-दहा जणांना बाहेरच्या बाकावर ओळीनं बसवून पाहिलं. त्यात आपण कुठं बसलोय तेही तिला दिसलं. कडेला, भिंतीपाशी, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"घरी कोण असतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"भाऊ."

"मग पुढच्या वेळी त्यांना घेऊन या. सही लागेल, आणि त्यांच्याशी मोकळेपणानं बोललेलंही बरं."

"त्याच्याशी काय बोलणार तुम्ही!" ताई पटकन बोलून गेली, आणि तिची तिलाच लाज वाटली.

जड उचलायचं नाही, जिने सावकाश चढायचे, चिडायचं नाही, काळजी करायची नाही. सूचना संपल्यावर ताई म्हणाली, "शेवटचं तेवढं औषधाच्या चिठ्ठीवर लिहून द्या. कुठं मिळतं ते बघते."

ताई अठ्ठावन्न वर्षांची होती. बत्तीस वर्षं ती एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवत होती. दवाखान्यांतून हिरड्यांचे ठसे यायचे, त्यांवरून ती प्लास्टरचे साचे ओतायची, मेणात दात बसवायची आणि शेवटी कवळी घासून-पुसून चकचकीत करायची. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायची, "हजारो लोकांच्या तोंडी बसलेय, आणखी एकाच्या कशाला?" खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. ते सहा फूट उंच होतं, सत्तेचाळीस वर्षांचं होतं आणि त्याला घरात, दारात, सगळीकडे टिल्लू म्हणत.

टिल्लू जन्मला तेव्हा त्याच्या गळ्याभोवती नाळेचा वेढा होता. लहानपणी डॉक्टरांनी सांगितलं होतं की याची बुद्धी आठ-नऊ वर्षांच्या पुढं जायची नाही. तो हिशेब काही जुळला नाही. रस्ता ओलांडताना तो सहा वर्षांचा असायचा आणि चादरीची घडी घालताना साठ वर्षांचा. कोपऱ्यापलीकडच्या लाँड्रीत तो रोज सकाळी पाच तास घड्या घालायचा. चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे. टोकाला टोक असं लावायचा की इस्त्री मारायची गरज नाही. लाँड्रीवाल्या बाई म्हणायच्या, "बाकीचे सगळे रजेवर गेले तरी चालेल, टिल्लूशेठ तेवढे आले पाहिजेत."

पण गॅस तो पेटवत नसे. दाढी ताई करून द्यायची. त्याला फिट यायची म्हणून सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी असायची, तीही ताई हातावर ठेवायची. आंघोळीचं पाणी, शर्टाचं वरचं बटण, नखं, दाराची कडी. घरातलं हे असलं बारीकसारीक सगळं ताईच्या हातून व्हायचं. आपण मरू याची तिला तेवढी भीती वाटली नाही. भीती वाटली ती त्यानंतर येणाऱ्या सकाळची. सात वाजलेत, टिल्लू पलंगावर बसून राहिलाय, कुणी 'ऊठ' म्हणत नाहीये. हे चित्र डोक्यात भुंग्यासारखं शिरलं ते बाहेरच पडेना. मेणात दात लावता लावता तिनं एकदा समोरचे दोन दात उलटे लावले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

तिनं लॅबच्या मालकांना आजाराचं सांगितलं, टिल्लूला नाही. त्याला काय सांगायचं आणि कसं, हे त्यांच्या घरात कधी कुणी शिकलंच नव्हतं. टिल्लू सतरा वर्षांचा असताना वडील गेले तेव्हा आई त्याला म्हणाली होती, "बाबा कामासाठी बाहेरगावी गेलेत." तो कितीतरी महिने खिडकीत बसायचा. मग बसायचा बंद झाला. बारा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा ताईनंही तेच वाक्य उचललं. कारण ते तयार होतं, आणि त्या दिवशी दुसरं वाक्य घडवण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं. त्या वेळी टिल्लूनं काहीच विचारलं नाही. ताईच्या जीवात जीव आला होता.

आता आपल्यामागं याचं कोण, हे शोधायला ती निघाली. पहिल्यांदा आतेबहिणीकडं गेली. आतेबहिणीनं सगळं ऐकून घेतलं, दोनदा डोळे पुसले आणि म्हणाली, "अगं, मी त्याला पोटच्या पोरासारखा सांभाळीन. फक्त आमच्याकडं कुत्रा आहे, आणि खोली नाही." मग ताई अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था बघून आली. स्वच्छ होती. माणसंही वाईट नव्हती. बसायच्या खोलीत अकरा मोठी माणसं ओळीनं खुर्च्यांत बसली होती आणि समोर टीव्ही चालू होता. "यांना दिवसभर काम काय?" ताईनं विचारलं. "काम कशाला? आराम करतात," दाखवणारी म्हणाली. ताईला ओळीतल्या बाराव्या, रिकाम्या खुर्चीकडं बघवेना.

शेवटी तिनं मन मोकळं केलं ते वरच्या काकूंपाशी. काकू ताईच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहायच्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या. चाळीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यामुळं त्यांचा डावा कान गेला होता आणि उजवा फार तिखट झाला होता.

"तू नसताना तो काय करेल हे तुला कसं कळणार?" काकू म्हणाल्या. "तू तर कायम असतेस."

हे वाक्य घेऊन ताई खाली आली आणि दोन रात्री तळमळली. मग तिनं ठरवलं की आपण असताना एकदा नसून बघायचं. रविवार ते शुक्रवार, पाच दिवस. काकूंच्या घरात लपून राहायचं आणि ऐकायचं. मध्ये जमीन तेवढी. खुर्ची सरकली तरी वर कळतं.

तयारीला आठवडा गेला. फ्रिजमध्ये आकडे घातलेले डबे रचले. उकडलेली अंडी, बटाटे, सूप, कापलेली फळं. गॅसचं बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी लावली. गोळ्यांच्या डबीत वारांप्रमाणे कप्पे भरले. टिल्लूला सगळं तीनतीनदा सांगितलं. सांगून सांगून तिच्या दातांच्या कण्या व्हायची वेळ आली. तो "हं" म्हणत राहिला. पण शनिवारी त्यानं विचारलं, "तू कुठं जाणार?"

ताईनं विचार करून ठेवलं होतं की 'प्रशिक्षण' म्हणायचं. पण ऐन वेळी जीभ जुन्याच वाटेनं गेली. "कामासाठी बाहेरगावी जाते रे. पाच दिवस."

टिल्लूनं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग उठून हात धुऊन आला.

रविवारी दुपारी ती बॅग घेऊन निघाली. रस्त्याच्या टोकापर्यंत गेली, वळली आणि इमारतीच्या मागच्या जिन्यानं वर आली. बॅग हलकीच होती, तरी दर पाच पायऱ्यांवर थांबत होती. छातीत ती नळी फुगते-आकसते आहे असं तिला प्रत्येक पायरीला वाटत होतं. वर पोचल्यावर तिनं फोन बंद केला. नाहीतर वाजायचा, आणि खालच्याला ओळखीची रिंग ऐकू जायची. काकूंनी स्वयंपाकघरात, टिल्लूच्या टेबलाच्या बरोबर वर, तिच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती. खुर्चीखाली जाड सतरंजी.

"बस. आणि चालायचं असेल तर मोज्यांवर चाल. त्याला माझी पावलं पाठ आहेत."

संध्याकाळी खाली नळ सुरू झाला आणि बंद झाला. फ्रिजचं दार उघडलं. खुर्ची सरकली. ताईनं सुटकेचा श्वास घेतला. सात वाजता गोळीची वेळ होती, पण गोळी गिळल्याचा आवाज काही छतातून वर येत नाही.

"घेतली असेल का हो?"

"अगं पोरी, मी टेलिफोनवर होते, दुर्बिणीवर नाही," काकू म्हणाल्या.

सोमवारी सकाळी पडद्याच्या फटीतून तिला टिल्लूचा माथा दिसला. कोट घातलेला, वेळेवर निघालेला, सिग्नलपाशी थांबलेला. हिरवा दिवा लागला तरी तो निघेना. दुसऱ्यांदा लाल झाला, पुन्हा हिरवा. तिसऱ्या हिरव्याला एका म्हाताऱ्या माणसाच्या मागोमाग तो पलीकडं गेला. रोज ताईच त्याला रस्ता ओलांडून द्यायची.

दुपारी तो परत आला. आणि मग सुरू झालं ते ताईला समजेना. कपाटाची दारं उघडली. काहीतरी ओढल्याचा आवाज आला. पावलं इकडून तिकडं, तिकडून इकडं, संध्याकाळपर्यंत. मध्येच टिल्लू काही तरी मोठ्यानं बोलला, एकटाच.

"काय म्हणाला?"

काकूंनी उजवा कान जमिनीला लावला. वय विसरून आडव्या झाल्या होत्या. "'निळा' म्हणाला. निळा काय असेल?"

"मी जाते खाली."

"जा की. आणि सांग काय? बाहेरगावाहून दीड दिवसात आले? मग परत कधी जाशील? एकोणीस तारखेला?"

ताई बसली. तिनं बोटं मनगटावर ठेवून नाडी मोजली, मग घाबरून मोजणं सोडून दिलं.

मंगळवारी टिल्लू नेहमीच्या वेळेला गेला आणि दहा वाजताच परत आला. एकटा नाही. जिन्यात दोघांची पावलं होती. त्यानंतर पंधरा मिनिटांनी घंटा वाजली. मग पुन्हा. मग पुन्हा. त्या घरात महिन्यातून दोनदा घंटा वाजायची, आणि आता अर्ध्या तासात चार वेळा. खुर्च्या सरकत होत्या. हलक्या आवाजात बोलणं चाललं होतं. एक खोकला ताईनं ओळखला. बत्तीस वर्षं ऐकलेला. लॅबचे मालक! कामाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, माझ्या घरी?

टिल्लूला काही तरी झालंय. फिट आली असेल. पडला असेल. रस्त्यावर... पण मग तो चालत कसा आला? तो आलाच नसेल. वर आली ती दुसऱ्याच दोन माणसांची पावलं असतील. त्याला कुठं तरी ठेवलं असेल, आणि हे लोक मला शोधत असतील, आणि माझा फोन बंद. खालून कुणा बाईचं नाक ओढल्याचं ऐकू आलं. रडत होती ती.

"काकू, जा. पटकन बघून या. माझ्यानं उठवत नाहीये."

काकू चपला न घालताच गेल्या. ती सात-आठ मिनिटं ताईच्या आयुष्यातली सगळ्यात लांब होती. नंतर ती सांगायची, शस्त्रक्रियेच्या वेळी भूल द्यायच्या आधीसुद्धा एवढी घाबरले नव्हते. काकू परत आल्या त्या दाराला टेकूनच उभ्या राहिल्या. चेहरा पांढरा, पण ओठांची कड मात्र थरथरत होती. त्या हसू दाबतायत की रडू, हे कळेना.

"टिल्लू?" ताईनं विचारलं.

"टिल्लू बरा आहे. टेबलापाशी बसलाय."

"मग कोण गेलं?"

"अगं पोरी," काकू म्हणाल्या, "तू गेलीस."

घडलं होतं ते असं. सकाळी लाँड्रीत टिल्लूनं कोट काढून खुंटीला लावला आणि बाईंना म्हणाला, "ताई मेली." बाईंनी आधी त्याला बसवलं, पाणी दिलं, कधी, कुठं असं विचारलं. तो म्हणाला, "रविवारी." बाईंनी ताईला फोन लावला तर फोन बंद. मग लॅबमध्ये लावला. मालक म्हणाले, "ती रजेवर आहे, हृदयाच्या तपासण्या चालल्या होत्या..." आणि पुढचं वाक्य त्यांच्या घशातच अडकलं. दोघांनी मिळून दोन नि दोन चार केले आणि बाई लाँड्री बंद करून टिल्लूला घेऊन घरी आल्या.

ताई उठली. काकू आडव्या आल्या. "थांब. आधी फोन करू. अशी एकदम समोर गेलीस तर कुणाचं तरी हृदय बंद पडेल, आणि पहिलं तुझंच."

पण ताई जिना उतरायला लागली होती. कठडा धरून, मोज्यांवरच. दार उघडंच होतं.

आत मालक फुलं हातात घेऊन उभे होते. लॅबमधल्या दोघी सोफ्याच्या कडेवर बसल्या होत्या. तळमजल्यावरचा शिंपी खिडकीपाशी मान खाली घालून उभा होता. लाँड्रीवाल्या बाई कपांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून येत होत्या, त्या सगळ्यात आधी ताईला पाहून किंचाळल्या आणि ट्रे सुटला. मालकांनी केवढा तरी मोठा आ केला, आणि ताईनंच बनवलेली त्यांची वरची कवळी घसरून जिभेवर आली. त्या अवस्थेतही ताईच्या मनात आलं, ढिली झालीये, बघायला हवी.

टिल्लू टेबलापाशी बसला होता. त्याच्यापुढं ताईचे सगळे कपडे होते. कपाटातले झाडून सगळे. टोकाला टोक लावून घड्या घातलेले, लाँड्रीच्या कागदात बांधलेले, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर त्याच्या मोठ्या वाकड्या अक्षरांत कुणाकुणाचं नाव. निळ्या कोटाच्या गठ्ठ्यावर 'काकू' लिहिलं होतं.

त्यानं ताईकडं पाहिलं. उठला नाही.

"तू बाहेरगावी गेली होतीस," तो म्हणाला.

"आले रे परत. हे बघ, आले."

"बाहेरगावी गेलं की परत येत नाहीत." त्याचा आवाज चढला. "बाबा नाही आले. आई नाही आली. खोटं बोलतेस तू!"

"टिल्लू, मी..."

त्यानं गठ्ठे एका हातानं जमिनीवर लोटून दिले, आंघोळीच्या खोलीत गेला आणि दार आपटून आतून कडी लावली.

कडी! ती कडी लावायला ताईनं त्याला कधीच परवानगी दिली नव्हती. आत फिट आली तर दार तोडावं लागलं असतं. आणि तेवढ्यात तिचं लक्ष फळीवरच्या गोळ्यांच्या डबीकडं गेलं. रविवार संध्याकाळ, सोमवार सकाळ, सोमवार संध्याकाळ, मंगळवार सकाळ. चारी कप्पे भरलेले. एकही गोळी घेतली नव्हती.

लाँड्रीवाल्या बाईंनी सगळ्यांना खुणेनं जिन्यात काढलं. मालक जाता जाता पुटपुटले, "मग ही फुलं..." आणि ती खुर्चीवर ठेवून गेले. ताई आंघोळीच्या खोलीच्या दाराला पाठ टेकून जमिनीवर बसली. बाईंनी पाण्याचा पेला आणि एक गोळी तिच्याजवळ आणून ठेवली आणि त्या थोड्या अंतरावर उभ्या राहिल्या.

"टिल्लू, कडी काढ. गोळी घ्यायचीये."

"गोळी तू हातावर देतेस. तू मेली होतीस."

आतून नळ सोडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. पुढचा प्रत्येक क्षण ती धप्प आवाजाची वाट बघत होती. मग तिनं डोळे मिटले आणि जे कधी केलं नव्हतं ते केलं.

"बाबा मेले होते," ती म्हणाली. "बाहेरगावी गेले नव्हते. आईपण मेली. आम्ही तुला खोटं सांगितलं."

"मला माहितीये," दारामागून आवाज आला. "बाईंचे मिस्टर मेले तेव्हा बाईंनी सांगितलं, मेले. मी विचारलं, बाहेरगावी? त्या म्हणाल्या, नाही, मेले. तेव्हा मला कळलं बाहेरगावी म्हणजे काय."

ते नऊ वर्षांपूर्वीचं होतं. नऊ वर्षं हा एवढं सगळं मनात ठेवून रोज चादरींच्या घड्या घालत होता.

"मी वर काकूंकडं होते. तू एकटा राहू शकतोस का ते बघत होते. कारण मी आजारी आहे. माझ्या छातीत एक नळी फुगलीये. एकोणीस तारखेला डॉक्टर छाती उघडून ती नीट करणार आहेत."

कडी आतून एकदा खडखडली. मग, "मरशील?"

"बहुतेक नाही. पण मरू शकते."

"मेलीस तर मला कोण सांगणार?"

डबे रचले होते, गॅसला पट्टी लावली होती, आतेबहीण झाली होती, संस्था झाली होती. हे मात्र तिच्या यादीत कुठंच नव्हतं.

"तूच ठरव," ती म्हणाली. "कुणी सांगावं असं वाटतं तुला?"

"बाई. त्या खरं सांगतात."

बाईंनी तोंडावर पदर धरला होता. त्या पुढं आल्या आणि दाराला म्हणाल्या, "सांगेन हो टिल्लूशेठ. जे असेल ते. आता कडी काढा बघू, माझे गुडघे दुखतात उभं राहून."

कडी निघाली. ताईनं गोळी उचलली. टिल्लूनं ती तिच्या हातावरून घेतली नाही. बाईंकडं बघितलं. ताईनं गोळी बाईंच्या हातावर ठेवली, आणि बाईंच्या हातावरून त्यानं घेतली. ताईला ते लागलं. पण मग तिच्या ध्यानात आलं की हे जमलं, म्हणजे बरंच काही जमणार आहे.

पुढच्या दोन आठवड्यांत त्यांच्या टेबलावर रोज संध्याकाळी बैठक बसायची. टिल्लू, ताई, बाई, काकू. सोप्या गोष्टी पटापट ठरल्या. गोळ्यांची एक डबी लाँड्रीत राहणार. सुट्टीच्या दिवशी काकू देणार. आंघोळीच्या खोलीची कडी काढून टाकणार, आणि त्याऐवजी टिल्लू दारावर टॉवेल टाकणार, म्हणजे आत कुणी आहे. आतेबहिणीचं काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, "कुत्रा." संस्थेचं म्हटल्यावर विचारलं, "तिथं घड्या आहेत?" नाहीत म्हटल्यावर मान हलवली. त्याला इथंच राहायचं होतं. काकू म्हणाल्या, "मी चौऱ्याहत्तरची. माझ्या भरवशावर लांबचं काही ठरवू नका." तेव्हा टिल्लूनं वही पुढं ओढून 'काकूनंतर' असं लिहिलं आणि खाली ओळ मोकळी सोडली. ती बरेच दिवस मोकळीच राहिली. एका वकिलाकडं जाऊन घराचे आणि ताईनंतर टिल्लूला सांभाळण्याचे कागद केले. बाईंनी त्यावर सही करायच्या आधी एक रात्र विचाराला मागून घेतली. ती रात्र ताईला फार जड गेली. सकाळी बाई आल्या आणि म्हणाल्या, "करते. पण त्याची दाढी मी करणार नाही. ती त्यानं शिकावी." तो शिकला. दोन दिवस हनुवटीवर कागदाचे तुकडे चिकटवून फिरत होता.

एकोणीसच्या आधी ताई त्याला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. त्यांनी त्याच्यासाठी पुन्हा तीच नळी काढली. टिल्लूनं चित्र नीट पाहिलं आणि विचारलं, "मेली तर मेली म्हणाल का?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणेन."

शस्त्रक्रिया साडेसहा तास चालली. संध्याकाळी रक्तस्राव थांबेना म्हणून ताईला पुन्हा आत नेलं. त्यानंतरचे चार दिवस ती श्वासाच्या यंत्रावर होती. त्या चार दिवसांतलं तिला काही आठवत नाही. जे कळलं ते बाईंकडून. बाई रोज सकाळी दवाखान्यात फोन करायच्या आणि लाँड्रीत टिल्लूला समोर बसवून सांगायच्या. पहिल्या दिवशी, "वाईट आहे." दुसऱ्या दिवशी, "तसंच आहे." तिसऱ्या दिवशी, "आज जास्त वाईट आहे. आज जाऊ शकते." त्या दिवशी टिल्लूनं एकही घडी घातली नाही. मशीनला टेकून जमिनीवर बसून राहिला आणि रडला. संध्याकाळी गोळी घेतली, सूप प्यायला आणि म्हणाला, "उद्या पण सांगा."

ताई घरी आली ती महिन्यानं. दहा किलोनं कमी, आवाज घोगरा. लॅबमध्ये आता ती आठवड्यातून दोनच दिवस जाते. मालकांची कवळी तिनं पहिल्याच आठवड्यात घट्ट करून दिली.

सहा महिन्यांनी तपासणीला दोघं गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं, बदलून बसवलेला नळीचा भाग छान आहे, पण त्याच रक्तवाहिनीला खाली, पोटाजवळ, आणखी एक छोटासा फुगवटा दिसतोय. आत्ता काही करायचं नाही. दर सहा महिन्यांनी मोजायचा.

"किती वर्षं?" ताईनं विचारलं.

"सांगता येत नाही. वीस असतील, दोन असतील."

परत येताना ताईच्या मनात एकच होतं. इतकं सगळं करून जीव पुन्हा टांगणीलाच. टिल्लू तिच्या चालीनं चालत होता, म्हणजे फार हळू, आणि ते त्याला मुळीच आवडत नव्हतं. सिग्नलपाशी दोघं थांबले.

"शुक्रवारी तू कुठं तरी झोपायला जा," तो म्हणाला. "मला एकट्याला राहून बघायचंय. खरं सांगून जा."

ताईनं सिग्नलकडं पाहिलं. "बघू."

"बघू म्हणजे नाही का?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. हनुवटीवर सकाळच्या दाढीची एक बारीक लाल रेघ होती.

"बरं. जाईन," ती म्हणाली.

शुक्रवारला अजून चार दिवस होते.